युद्धस्मारकांचा प्रवास : बेळगावचा रस्ता, द्रासचा की लोंगेवालाचा?

महाराष्ट्रातून स्वतःच्या गाडीने निघून युद्धस्मारके पाहावीत आणि त्याच प्रवासात माजी सैनिकांसाठी काम करणाऱ्या संस्थांना व सैनिकांच्या गावांना भेट द्यावी, असा विचार करणाऱ्यांपुढे साधारणपणे तीन मार्ग असतात. पहिला मार्ग पुण्याहून सातारा, कोल्हापूर, बेळगाव असा जाऊन कारवार आणि कोकणातून परत येतो. दुसरा जोधपूर-जैसलमेरमार्गे लोंगेवालाच्या वाळवंटापर्यंत जातो, आणि तिसरा श्रीनगरहून जोजिला खिंड ओलांडून द्रास, कारगिल व लेहकडे नेतो. तिन्ही मार्गांवर पाहण्यासारखे भरपूर आहे, परंतु तिन्हींवर भेटणारी गोष्ट एक नाही. तो फरक लक्षात न घेता केवळ सुट्टीचे दिवस आणि राहण्याचा खर्च पाहून मार्ग ठरवला, तर ज्या हेतूने आपण निघालो तोच बाजूला पडण्याची शक्यता असते.

हा फरक थोडक्यात असा : द्रास आणि लोंगेवाला येथे लढाई जिथे झाली ती जमीन दिसते, तर सातारा-बेळगावच्या रस्त्यावर लढणारी माणसे जिथून गेली आणि जखमी होऊन जिथे परत आली ती घरे व संस्था दिसतात. पहिल्यांदाच असा प्रवास करणाऱ्याने, विशेषतः मुलांना बरोबर नेणाऱ्याने, दक्षिणेच्या रस्त्याने सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे पुढे येतीलच. पण काही प्रवाशांसाठी हा सल्ला लागू पडत नाही, तेही योग्य ठिकाणी नोंदवले आहे.

पुणे ते बेळगाव, आणि कोकणातून परत

या मार्गातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा पुण्यातच आहे आणि नेमका तोच पुणेकरांकडून राहून जातो. खडकीला 1974 पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. पाठीच्या कण्याला किंवा मानेला इजा होऊन कमरेखालचे, काहींच्या बाबतीत मानेखालचे, शरीर निकामी झालेले माजी सैनिक येथे राहतात, उपचार घेतात, काम शिकतात आणि खेळतात. स्मारकाच्या दगडावर नाव कोरले जाते ते मरण पावलेल्याचे. ज्याचा कणा मोडला आणि जो त्यानंतर पुढचे सारे आयुष्य चाकांच्या खुर्चीवर जगला, त्याचे नाव बहुधा कोणत्याच भिंतीवर नसते. म्हणून युद्धस्मारकांच्या प्रवासाचा आरंभ या संस्थेपासून करावा असे मला मनापासून वाटते. अर्थात हे माणसांचे घर आहे, प्रेक्षणीय स्थळ नाही. भेटीसाठी आधी लेखी परवानगी मागावी, संस्था सांगेल त्याच वेळी जावे, आणि गट मोठा असल्यास त्याची स्पष्ट कल्पना द्यावी.

खडकीतच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पहिल्या महायुद्धात अपंगत्व आलेल्या भारतीय सैनिकांना हाताला काम मिळावे म्हणून 1917 साली मुंबईत सुरू झालेली ही संस्था पुढे खडकीत आली. पुण्यातील आर्टिफिशियल लिंब सेंटर 1944 पासून हातपाय गमावलेल्या सैनिकांना कृत्रिम अवयव बसवत आले आहे. या तीन संस्थांची स्थापनेची वर्षे एकापुढे एक ठेवली, तरी दोन महायुद्धे आणि स्वातंत्र्यानंतरच्या लढाया यांनी मागे काय ठेवले याचा एक आलेख डोळ्यांसमोर उभा राहतो. इतक्या जवळजवळ वसलेल्या अशा संस्था उरलेल्या दोन मार्गांवर आढळत नाहीत, आणि दक्षिणेच्या मार्गाकडे माझा कौल झुकण्याचे हेच पहिले कारण आहे.

खडकीच्या युद्धसमाधीस्थळात दुसऱ्या महायुद्धातील 1,668 समाधी आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मरण पावलेल्या आणि ज्यांच्या विखुरलेल्या समाधींची निगा राखणे शक्य राहिले नाही अशा 1,800 हून अधिक सैनिकांची नावेही तेथील स्मारकावर आहेत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग या जागेची व्यवस्था पाहतो. एकसारख्या उंचीचे दगड आणि त्यांवर कोरलेली वये वाचत चालले की वीस-बावीस वर्षांच्या मुलांची संख्या किती होती हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही. घोरपडीकडील दक्षिण कमांडचे राष्ट्रीय युद्धस्मारक 1998 साली खुले झाले. ते नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले, हे त्याचे वेगळेपण. स्वातंत्र्यानंतर शहीद झालेल्या जवानांची नावे तेथे आहेत. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांना तेथील विमान आणि तोफा पाहायला आवडतात, परंतु नावांच्या भिंतीपाशी थोडा अधिक वेळ द्यावा.

पुणे सोडल्यावर सातारा सुमारे 110 किलोमीटरवर आहे. सातारा तालुक्यातील अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे 46 जवान कामी आले आणि त्यांच्या स्मरणार्थ इंग्रज सरकारने गावात स्मृतिस्तंभ उभारला. त्यानंतरच्या प्रत्येक लढाईत गावातील कोणी ना कोणी होतेच, आणि आजही घराघरांत कोणीतरी सेवेत किंवा निवृत्त आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीची ओळखही अशीच आहे. या दोन गावांत स्मारक पाहायला पाच मिनिटे पुरतात. वेळ लागतो तो माणसांशी बोलायला. त्यासाठी ग्रामपंचायतीशी किंवा गावातील माजी सैनिक संघटनेशी आधी बोलून घ्यावे, सरळ कोणाच्या दारात जाऊन उभे राहू नये. वीरमातेला किंवा वीरपत्नीला ‘कसे झाले’ हा प्रश्न पाहुण्याने कधीही विचारू नये. ती स्वतःहून बोलली तर ऐकावे, न बोलली तर चहा घेऊन निघावे. निवृत्त फौजी मात्र आपल्या पलटणीविषयी, पोस्टिंगविषयी आणि निवृत्तीनंतर शेतीत परतताना आलेल्या अडचणींविषयी मोकळेपणाने बोलतात, असा या भागाचा सर्वसाधारण अनुभव आहे.

सातारा जिल्ह्याविषयी लिहिताना कर्नल संतोष महाडिक यांचा उल्लेख टाळता येणार नाही. 17 नोव्हेंबर 2015 रोजी कुपवाडा येथे दहशतवाद्यांशी लढताना ते शहीद झाले आणि त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र देण्यात आले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक 2017 साली स्वतः सैन्यात अधिकारी म्हणून दाखल झाल्या. साताऱ्यातच 1961 साली देशातील पहिली सैनिकी शाळा सुरू झाली, आणि या रस्त्यावरच्या गावांत सैन्यभरतीची तयारी करणारी मुले पहाटे धावताना दिसतात. स्मारक, घर, शाळा आणि भरतीचे मैदान अशी ही साखळी एका दिवसात पाहता येते.

कऱ्हाड ओलांडून पेठ नाक्याजवळून जाताना मुरलीकांत पेटकर यांची आठवण मुलांना जरूर सांगावी. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे अपंग झाले आणि 1972 साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकणारे ते पहिले भारतीय. पद्मश्री त्यांना 2018 मध्ये मिळाली, म्हणजे पदकानंतर 46 वर्षांनी. खडकीची संस्था आधी पाहिलेल्या मुलांना या माहितीचा अर्थ अधिक नीट कळतो, म्हणूनही खडकी आधी आणि महामार्ग नंतर हा क्रम सोडू नये.

बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर आहे. या रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण, जंगी पलटण, 1768 सालची आहे. केंद्र लष्करी हद्दीत असल्यामुळे स्मारक व संग्रहालय पाहण्यासाठी परवानगी आणि ओळखपत्रे लागतात, आणि शपथविधीच्या किंवा समारंभाच्या दिवशी सामान्य भेटी होत नाहीत. आपल्या ओळखीत या रेजिमेंटचे कोणी निवृत्त सुभेदार किंवा हवालदार असतील तर त्यांनाच बरोबर घ्यावे. ते एकेका ढालीसमोर, एकेका छायाचित्रासमोर जे सांगतील ते कोणत्याही माहितीफलकावर मिळणार नाही.

बेळगावहून सरळ परतणाऱ्यांना अडवण्याचे कारण नाही, परंतु दोन दिवस हाताशी असतील तर कारवारला उतरावे. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचे गाव चेंडिया कारवारजवळ आहे आणि कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे. एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरील सुरुंग आणि अडथळे दूर करताना त्यांनी रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत जाऊन, दोरांनी चालकाला इशारे देत, सुरुंगांतून वाट काढली होती. ते बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे खडकीत केंद्र असलेल्या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे, म्हणून पुन्हा खडकीचेच, आणि जिवंतपणी परमवीरचक्र मिळवणारे पहिले सैनिक. पुतळ्याजवळच आयएनएस चपळ ही क्षेपणास्त्र नौका संग्रहालय म्हणून ठेवलेली आहे.

कारवारहून गोवा ओलांडून मुंबई-गोवा महामार्गाने वर येताना माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा लागतो. 10 जुलै 1944 रोजी इटलीतील अप्पर टायबर खोऱ्यात आपल्या तुकडीतले सगळे सहकारी पडल्यानंतर घाडगे एकटे शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले, ती जागा जिंकली आणि तिथेच गोळी लागून पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. इटलीत मोंतोने येथे 2023 साली त्यांच्या नावाने छायाघड्याळाचे स्मारक उभारण्यात आले. युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तेवढ्यासाठी वाट वाकडी करायला हरकत नाही. माणगावहून ताम्हिणी घाटाने पुन्हा पुणे गाठता येते. पावसाळ्यात मात्र हा घाट आणि कोकणातला महामार्ग दोन्ही कष्टाचे ठरतात, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

ज्यांना इतकेही दिवस नाहीत त्यांनी पुण्याहून कोरेगाव भीमामार्गे अहिल्यानगर असा एका दिवसाचा फेरा करावा. कोरेगाव भीमाचा जयस्तंभ 1 जानेवारी 1818 च्या लढाईचा आहे. त्यावरील महार सैनिकांच्या नावांमुळे आणि 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या भेटीमुळे त्याला जो अर्थ आला, तो समजून घेऊनच तेथे जावे. अहिल्यानगरला 1994 पासून रणगाड्यांचे मोठे संग्रहालय आहे.

द्रास, कारगिल आणि पुढे लेह

द्रासच्या स्मारकाची तुलना दक्षिणेतील कोणत्याही एका स्मारकाशी करू नये, कारण तेथे स्मारक आणि रणभूमी यांच्यात अंतरच नाही. श्रीनगर-लेह महामार्गाला लागून, तोलोलिंगच्या पायथ्याशी हे स्मारक आहे. आवारात उभे राहिले की तोलोलिंग आणि टायगर हिल समोर दिसतात, आणि उघड्या, झाडे नसलेल्या त्या चढावर रात्री वर चढणाऱ्या जवानांना वरून कोणीही पाहू शकत होते हे एका दृष्टिक्षेपात कळते. मे ते जुलै 1999 या काळातील कारगिल युद्धात 527 जवान शहीद झाले. त्यांची नावे भिंतीवर आहेत, आणि मराठी माणूस त्यांत आपल्या जिल्ह्यातील नाव शोधू लागतो ते अगदी स्वाभाविक आहे. कितीही वर्णने वाचली तरी हा चढ प्रत्यक्ष पाहण्याने जे समजते ते वाचून समजत नाही. या एका बाबतीत द्रास इतर सर्व ठिकाणांच्या पुढे आहे, हे दक्षिणेचा पुरस्कार करतानाही मान्य केलेच पाहिजे.

समाजाच्या बाजूने पाहिले तर येथील कथा वेगळी आहे. बटालिक भागातील घुसखोरांची पहिली खबर लष्कराला दिली ती ताशी नामग्याल या गुरे राखणाऱ्याने. युद्धाच्या दिवसांत स्थानिक लोकांनी सैन्याचे सामान आणि दारूगोळा वर वाहून नेला. लडाख स्काउट्सच्या मेजर सोनम वांगचुक यांना महावीरचक्र मिळाले, आणि या युद्धातील कामगिरीनंतर लडाख स्काउट्सला पायदळाच्या रेजिमेंटचा दर्जा देण्यात आला. कारगिलजवळचे हुंदरमान गाव 1971 साली भारतात आले. तेथील जुन्या दगडी घरांत गावकऱ्यांनी आपल्या फाळणी झालेल्या कुटुंबांच्या वस्तू, पत्रे आणि भांडी जपून ठेवली आहेत. युद्धाने सैनिकाखेरीज आणखी कोणाचे काय नेले हे पाहायचे असेल तर हुंदरमानसारखे दुसरे ठिकाण मला या तिन्ही मार्गांवर दिसत नाही. परंतु जखमी सैनिकांचे पुनर्वसन किंवा निवृत्तांच्या संघटना यांचा जो सहज सहवास पुणे-साताऱ्यात मिळतो तो येथे मिळणार नाही. भाषेचे अंतर आहे, आणि पर्यटनाच्या चार महिन्यांत स्थानिक माणसे कामात बुडालेली असतात.

प्रवासाच्या अडचणी खऱ्या आहेत. पुणे ते श्रीनगर हेच अंतर दोन हजार किलोमीटरांहून अधिक आहे, म्हणून बहुतेकांनी श्रीनगरपर्यंत विमानाने किंवा रेल्वेने जाऊन तेथून गाडी करणे शहाणपणाचे. श्रीनगर ते द्रास सुमारे 140 किलोमीटर, द्रास ते कारगिल सुमारे 60 आणि कारगिल ते लेह सुमारे 215 किलोमीटर आहे. जोजिला 3,528 मीटर उंचीवर आहे आणि हिवाळ्यात बर्फामुळे बंद राहतो. जून ते सप्टेंबर हाच भरवशाचा काळ. 26 जुलैला विजय दिवसाचा सोहळा असतो. तो पाहण्याची इच्छा समजण्यासारखी आहे, पण त्या दिवसांत बंदोबस्त कडक असतो आणि राहण्याची सोय मिळणे कठीण होते, त्यामुळे शांतपणे नावे वाचायची असतील तर आठवडाभर मागेपुढे जावे. बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिमकार्ड येथे चालत नाही, पोस्टपेड घ्यावे. हृदयाचा किंवा श्वसनाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा मार्ग निवडू नये. कुटुंबातील आजी-आजोबांना बरोबर घ्यायचे असेल तर दक्षिणेचा मार्ग हाच पर्याय उरतो.

लेहपासून पुढे चुशूलला रेझांग ला स्मारक आहे. 18 नोव्हेंबर 1962 रोजी 13 कुमाऊं या पलटणीच्या चार्ली कंपनीचे 114 जवान मेजर शैतान सिंह यांच्या नेतृत्वाखाली चिनी सैन्याशी लढत तेथे शहीद झाले. स्मारकाचे नव्याने बांधकाम होऊन ते नोव्हेंबर 2021 मध्ये खुले झाले. वाटेतील उंची लक्षात घेता लेहमध्ये पुरेसे दिवस थांबल्यानंतरच हा टप्पा घ्यावा. घाईने उरकण्याची ही जागा नव्हे.

राजस्थानचा मार्ग कोणासाठी

राजस्थानचा मार्ग हिवाळ्यातच, आणि स्वतः लांब गाडी चालवण्याची आवड असणाऱ्यांनीच घ्यावा. पुण्यापासून जैसलमेर हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. जैसलमेरचे युद्धसंग्रहालय 2015 साली सुरू झाले असून ते जोधपूर रस्त्यावर आहे. तेथून सुमारे 120 किलोमीटरवर लोंगेवाला. 4 आणि 5 डिसेंबर 1971 च्या रात्री मेजर कुलदीपसिंह चांदपुरी आणि 23 पंजाबच्या तुकडीने ही चौकी धरून ठेवली आणि उजाडताच जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांनी वाळूत अडकलेले शत्रूचे रणगाडे टिपले. सपाट वाळवंटात विमानापासून लपायला जागा नसते, ही गोष्ट तेथे गेल्यावर लगेच पटते. जवळच तनोट मातेच्या मंदिरात न फुटलेले बॉम्ब ठेवलेले आहेत आणि मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दल पाहते.

पर्यटकांची गर्दी आणि तिच्या मागोमाग आलेला बाजार या मार्गावर सर्वाधिक जाणवतो, हा त्याचा उणा भाग आहे. अधिक मोलाचे काही हवे असेल तर जोधपूर जिल्ह्यातील शेरगढ परिसरात जावे, जेथील गावांनी पिढ्यानपिढ्या सैन्यात माणसे दिली आहेत. रेझांग लाचे मेजर शैतान सिंह हे याच मारवाडचे. त्यांचे पार्थिव तीन महिन्यांनी, फेब्रुवारी 1963 मध्ये, बर्फात सापडले आणि जोधपूरला आणून त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. चुशूल पाहिलेल्या माणसाला जोधपूरचा हा टप्पा जितका भिडेल तितका इतरांना भिडणार नाही, म्हणून राजस्थान हा दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रवासासाठी ठेवावा.

निर्णय घेताना

हाताशी पाच-सहा दिवस असून बरोबर मुले किंवा वडीलधारी मंडळी असतील, तर पुणे-बेळगाव-कारवार हा मार्ग निःशंक घ्यावा. त्यातही वेळ कमी पडला तर कारवार गाळावे, खडकी आणि अपशिंगे गाळू नये. प्रकृती उत्तम आहे, दहा-बारा दिवस आहेत आणि लढाईचा भूगोल समजून घेण्याची खरी ओढ आहे, अशांनी द्रासला जावे. पण निघण्यापूर्वी एक दिवस खडकीला द्यावा. सैन्यातून निवृत्त झालेल्यांना किंवा त्यांच्या कुटुंबीयांना हा सल्ला लागू नाही. ज्याची पलटण जिथे लढली, त्याने आधी तिथेच जावे.

मदत करण्याची इच्छा प्रवासात निर्माण होते तेव्हा ती वाटेत भेटलेल्या कोणाच्या हाती रोख देऊन पूर्ण करण्याचा मोह टाळावा. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते, माजी सैनिकांची व त्यांच्या अवलंबितांची प्रकरणे तेथून हाताळली जातात, आणि सैनिकांच्या मुलांची वसतिगृहे व सैनिक विश्रामगृहेही या कार्यालयांमार्फत चालतात. 1949 पासून 7 डिसेंबरला पाळल्या जाणाऱ्या सशस्त्र सेना ध्वजदिनाचा निधीही तेथे वर्षभर स्वीकारला जातो. सातारा आणि कोल्हापूर येथील कार्यालये या मार्गावरच येतात. ती सरकारी वेळेत उघडी असतात, त्यामुळे या दोन शहरांतील मुक्काम शनिवार-रविवारला येणार नाहीत अशा बेताने पुण्याहून निघण्याचा वार ठरवावा.